शेवरलेटचे घड्याळ

मुंबईच्या चोरबाजाराच्या नावाविषयी एक उपपत्ती नेहमी सांगितली जाते. हा मूळचा ‘शोरबाजार’, म्हणजे गोंगाटाचा बाजार. साहेबाच्या जिभेवर त्याचा ‘चोरबाजार’ झाला. भाषेच्या मास्तराला ही गोष्ट पटायला जरा जड जाते. साहेबाला ‘श’ म्हणायला कसली अडचण? तो तर त्याच्या बोलीत पावलोपावली आहे. पण मटन स्ट्रीटच्या तोंडाशी उभे राहिले, की व्युत्पत्तीचा वाद आपोआप मिटतो. गोंगाट म्हणाल तर आहेच. आणि समोर मांडलेल्या वस्तूंपैकी निम्म्यांना कधी काळी दुसरा धनी होता, हेही उघडच दिसते.

मी तेथे गेलो तो एका घड्याळासाठी. भिंतीवरच्या नव्हे की मनगटावरच्या नव्हे, मोटारीच्या.

आमच्या सौ.चे मामा दादरच्या हिंदू कॉलनीत राहतात. ते डॉक्टर, त्यांचे वडीलही डॉक्टर. वडिलांनी १९४८ साली घेतलेली शेवरलेट फ्लीटमास्टर अजून त्यांच्या आवारात उभी असते, आणि नुसती उभी नसते. महिन्यातून दोनदा माहीमच्या बाजूला फेरी मारून येते. रंग, गाद्या, काचा, सगळे जागच्या जागी. फक्त डाव्या हाताच्या कप्प्याच्या झाकणात, जेथे घड्याळ असायचे, तेथे पत्र्याची एक गोल चकती. पुष्कळ वर्षांपूर्वी गाडी रंगकामाला गेली होती, ती परत आली तेव्हा घड्याळ नव्हते. विचारले तर, ‘घड्याळ होतेच कोठे?’ असे उत्तर मिळाले. त्याच शेवरलेटची स्टाइलमास्टर नावाची एक स्वस्त बहीण होती आणि तिच्यात घड्याळ देत नसत, त्यामुळे हे उत्तर अगदीच निराधारही म्हणता येईना!

शेवरलेट आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. अमेरिकेहून सुटे भाग यायचे आणि येथे त्यांची गाडी व्हायची. १९५४ साली हा कारखाना बंद झाला. पण तोवर शेवरलेट ही शहरातल्या डॉक्टर-वकिलांच्या दारातली ओळखीची वस्तू झाली होती.

त्या काळच्या मुंबईत मोटारीत घड्याळ असणे म्हणजे मात्र एक भानगडच होती. १९०६ साली देशाला स्टँडर्ड टाइम मिळाला, तरी आपली म्युनिसिपालटी जुन्या ‘बॉम्बे टाइम’लाच धरून राहिली. हा बॉम्बे टाइम स्टँडर्डच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ या शहरात दोन वेळा शेजारी शेजारी नांदत होत्या. रेल्वेत एक, म्युनिसिपालटीत दुसरी. मामांचे वडील म्युनिसिपल दवाखान्यात, म्हणून गाडीतले घड्याळ बॉम्बे टाइमचे. आणि मामांच्या आईला माहेरी जायची गाडी पकडायची ती स्टँडर्डने. नवऱ्याने मोटारीतले घड्याळ दाखवून ‘वेळ आहे’ म्हणायचे, बायकोने मनात एकोणचाळीस मिळवायचे, आणि स्टेशन येईपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचे नाही! मामा हे सांगताना अजून डोळे पुसतात.

घड्याळ शोधायला शुक्रवारी जाऊ नये, असे मला दोघातिघांनी बजावले होते. त्या दिवशी मटन स्ट्रीटवरची पक्की दुकाने बंद असतात आणि फुटपाथवर जुम्माबाजार भरतो. गर्दी अशी, की आपण वस्तू शोधायला गेलो की स्वतःला, हे कळू नये. म्हणून मी मंगळवारी गेलो. ग्रामोफोनचे कर्णे, हंड्या-झुंबरे, जुन्या सिनेमांची पोस्टरे, मूठ नसलेल्या काठ्या आणि काठी नसलेल्या मुठी. भेंडीबाजाराच्या अंगाला जुन्या चाळी पाडून उभे राहिलेले नवे मनोरे या गल्लीच्या डोक्यावरून डोकावतात. ही दुकाने आणखी किती दिवस येथे राहतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

चौथ्या की पाचव्या दुकानात एका वृद्ध चाचांनी मागच्या फळीवरून बिस्किटांचा एक डबा काढला. डब्यात मोटारींची घड्याळे. एकाला काटे नाहीत, एकाला काच नाही, एक तर सरळ स्कूटरचा स्पीडोमीटर. मी मामांच्या डॅशबोर्डाचा फोटो दाखवला. चाचांनी तो लांब धरून पाहिला, डबा उपडा केला आणि एक घड्याळ वेचून माझ्या तळहातावर ठेवले. आकड्यांचे वळण स्पीडोमीटरच्या आकड्यांसारखेच. मग त्यांनी विचारले,

“प्रोफेसरसाब, घडी देखने की है या सुनने की?”

मला प्रश्न कळला नाही. चाचांनी तो खुलासेवार समजावला. त्यातले बरेचसे पुढे गिरगावातल्या घड्याळजींनी पुन्हा उलगडून दाखवले.

या घड्याळाला किल्ली नसते, आणि वीज त्याला सतत फिरवत बसत नाही. आत एक लहानशी स्प्रिंग असते. खरे घड्याळ चालते ते तिच्यावर. स्प्रिंग मिनिट-दोन मिनिटांत उतरत आली, की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, क्षणभर वीज वाहते, लोहचुंबक एका दांडीला झटका देतो आणि स्प्रिंग पुन्हा ताणली जाते. त्या झटक्याचा आवाज होतो, ‘टक्’. पुन्हा मिनिट-दोन मिनिटे शांतता. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वीने रोल्स-रॉइसची जी प्रसिद्ध जाहिरात लिहिली, तिचा मथळाच असा होता, की ताशी साठ मैलांच्या वेगात या गाडीतला सर्वांत मोठा आवाज म्हणजे तिच्या विजेच्या घड्याळाचा.

मरण येते तेही येथेच. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की बॅटरी उतरते. मग चुंबकाला दांडी उडवण्याइतका जोर राहत नाही, पॉइंट टेकलेलेच राहतात, वीज वाहतच राहते आणि कॉइल जळून जाते. म्हणून बाजारात मिळणारी बहुतेक घड्याळे वरून सुंदर आणि आतून मेलेली. त्यांवर हल्ली एक सोपा उपाय निघाला आहे. जुने यंत्र काढून टाकायचे आणि त्याच तबकडीमागे क्वार्ट्झचे यंत्र बसवायचे. वेळ बिनचूक, आवाज नाही, कटकट नाही. चाचांच्या भाषेत ‘देखने की’.

मामांच्या चिरंजीवांचे मत क्वार्ट्झचे पडले. माझेही साधारण तेच होते. मामांना विचारले तर ते म्हणाले, “अहो जावईबापू, मला काटे दिसतात कुठे आता?”

काचबिंदूने त्यांची नजर गेल्या काही वर्षांत फार मंदावली आहे. ते पुढच्या सीटवर डाव्या बाजूला बसतात, समोरची चकती बोटाने चाचपतात. लहानपणी वडील व्हिजिटला गेले, की हा मुलगा गाडीत बसून राही. एका रोग्याकडे किती टक् टक् झाल्या ते मोजी, आणि त्यावरून घरी आईला सांगे, की आजचा पेशंट बरा होणार की नाही. “पंचवीसच्या पुढे गेले की मी गप्प बसत असे,” मामा म्हणाले.

मग क्वार्ट्झची गोष्ट कोणी काढली नाही.

घड्याळजींना तीन आठवडे लागले. पॉइंट घासून साफ केले, सुकून चिकट झालेले तेल धुऊन काढले. कॉइल सुदैवाने शाबूत होती. अडचण निघाली ती गाडीत. मूळ फ्लीटमास्टर सहा व्होल्टची. मामांनी ती मागेच बारा व्होल्टची करून घेतली होती. सहा व्होल्टच्या घड्याळाला बारा दिले, तर प्रत्येक झटका हातोड्यासारखा बसणार आणि पॉइंट जळणार. म्हणून वायरमनने मध्ये व्होल्टेज उतरवणारा एक छोटा डबा घातला. घड्याळाची तार स्विचकिल्लीच्या मागून न घेता फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घेतली, म्हणजे गाडी बंद असतानाही ते चालावे. झाकण उघडमीट होताना तार तुटू नये म्हणून बिजागरीपाशी तिला ऐसपैस वळसा दिला. शिवाय एक कळ बसवली. गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर घड्याळ आधी बंद करायचे. चकती निघाली तेव्हा तिच्यामागच्या पत्र्यावर गाडीचा मूळ रंग जसाच्या तसा होता.

घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडते. मागच्या बाजूला वेग सुधारायचा कांटा आहे. चिरंजीव पेचकस घेऊन आले.

“किती मागे म्हणालास?” मामांनी विचारले.

“चार मिनिटं, बाबा.”

“मग दहा दिवस हात लावू नकोस. बॉम्बे टाइमावर येईल.”