संक्रांत, कर आणि पानिपत

१५ मार्च म्हणजे रोमन कॅलेंडरमधला 'आयड्स ऑफ मार्च'. इ.स.पू. ४४ मध्ये याच दिवशी सीझरचा खून झाला आणि पुढे शेक्सपिअरनं नाटक लिहून त्या तारखेला कायमची बदनाम करून टाकली. गंमत म्हणजे खुद्द रोमन लोकांना आयड्स वाईट वाटत नसे! महिन्याच्या मध्यावरचा, ज्युपिटर देवाचा दिवस तो. त्यांचा 'काळा दिवस' असायचा आयड्सच्या दुसऱ्या दिवशी.

हे वाचलं आणि म्हटलं, अरे, ही तर आपली कर! संक्रांत गोड, दुसऱ्या दिवशी किंक्रांत. होळीचंही तेच. पंचांगात चक्क 'करिदिन' छापलेलं असतं. यावलला आमची आजी "आज कर हाये, गावाले जाऊ नको" म्हणाली, की विषय संपला.

पण मग सणाच्या नावावरून 'संक्रांत कोसळली' असं का म्हणतात? नेहमीचं उत्तर: पानिपत. १४ जानेवारी १७६१. ऐकायला एकदम फिट्ट!

जरा हिशेब करू. आपली संक्रांत ज्या नाक्षत्र वर्षावर चालते, ते इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं. म्हणजे सत्तरेक वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. पडताळा हवा? विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. तिथून आणखी १०२ वर्षं मागे जा... १०-११ जानेवारी येते. थोडक्यात, पानिपतच्या दिवशी संक्रांत नव्हतीच. होऊन तीन-चार दिवस झाले होते.

मला तरी या वाक्प्रचाराचं मूळ पंचांगातल्या संक्रांतिफलात दिसतं. देवी कशावर बसून आली, कुठे चालली, कुठे बघते. ती जाते तिकडे संकट, अशी समजूत.

रोमनांनीही हेच केलं होतं. इ.स.पू. ३९० च्या सुमारास, १८ जुलैला, अॅलिया नदीकाठी गॉल टोळ्यांनी त्यांचा धुव्वा उडवला. कारण काय शोधलं? लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की सेनापती सुल्पिसियसला आयड्सच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या यज्ञात शुभ कौल मिळाला नव्हता. झालं, तसे सगळे दिवस वर्ज्य!

पानिपतचं खरं कारण मात्र पंचांगात सापडणार नाही. अब्दालीनं रसद तोडली होती. रसदीची भिस्त ज्यांच्यावर होती, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. छावणीत खायला उरलं नाही, तेव्हा उपाशी मरण्यापेक्षा लढू म्हणून फौज त्या सकाळी बाहेर पडली. 'संक्रांत आली' म्हटलं, की ही सगळी भूक एका शब्दाखाली झाकली जाते.

असो. आजीची कर पाळायला माझी हरकत नाही, एक दिवस उशिरा निघाल्यानं काय बिघडतं? पण हरलेल्या लढाईचा दोष तेवढा दिवसाच्या माथी मारायला नको.