ग्लायडर उडालं, उतरवायचं कुठं?

दोन महिने रोज रात्री बातम्या पाठवून झाल्या की लेकीसोबत रिमोटवरचं ग्लायडर बनवत बसायचो. थर्माकोलचे पंख, बांबूचा कणा.

रविवारी सकाळी मैदानावर वाऱ्याकडे तोंड करून सोडलं. नाक वर करून थबकलं आणि धाडकन आपटलं. शेपूट जड! नाकात दोन नट भरले, तोल पंखाच्या रुंदीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणला. यावेळी मात्र अलगद तरंगलं. लेक ओरडली, "बाबा, उडालं!"

उतरवायला गेलो तर एकीकडे मंडपाचे खड्डे, दुसरीकडे खडीचे ढीग. खडीवर पंख मोडला.

मंडळी, पंख टेपने चिकटेल. पण गावातलं हे शेवटचं मोकळं मैदान गेलं तर पोरांनी आभाळाकडे बघायचं तरी कुठून?