खरखर

वाऱ्याने अँटेना फिरली की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि घरभर ती खरखर पसरायची, पैठण रस्त्यावरच्या उशिराच्या ट्रकांखालीही न बुडणारी, कोरडी, एकसारखी. व्हिडिओकॉनचा कारखाना आमच्या चितेगावातच, त्यामुळे टीव्ही आम्हाला परका कधी वाटलाच नाही; शेजारची माणसं पाळी धरून तिथे कामाला जात. "बंद कर रे ते," आजी म्हणायची. मी आवाज बारीक करून तसाच ऐकत बसे. त्या खरखरीत विश्वाच्या बालपणीच्या उजेडाचा एक पुसट अंश मिसळलेला असतो, हे फार पुढे वाचलं आणि गलबलून आलं.

मग कळलं, पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी अशाच गोंगाटात दडलेला गुरुत्वलहरींचा सूर शोधण्याची रीत घडवत होते. पण सूर कसा असेल, याची काही कल्पना आधी हवी. न्यूटनच्या जगात एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन गोलांची वाट कागदावर मांडता येते. आइन्स्टाईनच्या जगात मात्र त्या दोघांभोवतीचं अवकाशच हलतं, लाटा होऊन दूर निघून जातं, आणि त्या लाटांबरोबर ऊर्जा गमावत दोन कृष्णविवरं एकमेकांकडे ओढली जातात. १९६४ मध्ये हान आणि लिंडक्विस्ट यांनी हे गणित संगणकावर घातलं. पुढची कितीतरी वर्षं आकडे मध्येच बेलगाम होत, सगळं कोसळे. किती जणांच्या किती रात्री त्यात गेल्या असतील! २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियसच्या संगणकात ती दोन विवरं अखेर शेवटपर्यंत फिरली, एक झाली, निवली.

दहा वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वलहरी वेधशाळेला सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली थरथर लागली. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन विवरं मिळून ६२ पटीचं एक झालं होतं. उरलेले तीन सूर्य नुसत्या लाटा होऊन गेले. संगणकाने काढलेली रेघ त्या थरथरीवर ठेवली, आणि ती जुळली. ध्वनीत उतरवलेली ती थरथर मी ऐकली आहे, क्षणभराची, झरकन वर चढणारी. डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकली.

आता आपल्या मराठवाड्यातच, औंढा नागनाथला, चार-चार किलोमीटरच्या भुजांची लायगो उभी राहणार आहे. २०२३ मध्ये तिला केंद्राची मंजुरी मिळाली. आणि गणितही अजून संपलेलं नाही; तीन विवरं एकत्र फिरू लागली तर ते आणखी गुंततं. ते सोडवणाऱ्यांत पैठण रस्त्यावरची एखादी मुलगी असावी, असं मला फार वाटतं.