एक रकाना कमी

परवा कपाट आवरताना कॉलेजची एक जुनी वही सापडली. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्सला असताना ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा कोर्स घेतला होता... खरं सांगायचं तर सोपे क्रेडिट्स म्हणून! निघाला शहापूरच्या पाड्यांवर पायपीट करायला लावणारा.

तानसा, भातसा याच तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय आणि मे महिन्यात इथल्या पाड्यांवर मात्र टँकर! तेव्हा सरकारी निकष होता रोज माणशी ४० लिटर. विहिरीवर एका आजींना विचारलं, "रोज किती लिटर लागतं?"

"मिळंल तेवढ्यात भागवायचं, बाबा."

माझ्या तक्त्यात या उत्तराला रकानाच नव्हता. आजही एखादा फॉर्म डिझाइन करायला घेतला, की आधी त्या आजी आठवतात.