गॉटलंडचा समुद्र आणि माशाच्या कानातला खडा

तुमच्याकडे ढोमा खातात का? खात असाल, तर त्याचं डोकं चोखताना कधीतरी दाताखाली पांढरा, गुळगुळीत खडा आला असेल. आमच्या वर्गातल्या एका मुलीने असे दोन खडे धुऊन, काड्यापेटीत घालून शाळेत आणले आणि म्हणाली, "बाई, हे माशाचे दात ना?"

दात नव्हेत. हाड म्हणावं तर तेही नव्हे. हे माशाच्या कानातले खडे!

माशाला कान? असाच प्रश्न तुमच्याही चेहऱ्यावर उमटला असेल. बाहेरून ते दिसत नाहीत, पण कवटीच्या आत दोन्ही बाजूंना असतात. एकेका कानात तीन, असे एकूण सहा खडे. त्यांतली एक जोडी बहुतेक माशांत मोठी, बाकीचे अगदी बारीक. आवाजाने पाणी थरथरलं की मासाही थरथरतो, पण हा जड खडा जरासा मागे रेंगाळतो. त्यामुळे खड्याखालचे नाजूक केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. माशाला तोल सांभाळायलाही हेच खडे लागतात.

आज या खड्याचं बोट धरून (खड्याला बोट नसतं, ठाऊक आहे मला!) आपण फार लांब जाणार आहोत. नकाशाची वही काढा. युरोपच्या वरच्या अंगाला स्वीडन सापडला? त्याच्या उजव्या हाताला बाल्टिक समुद्र आणि त्यात गॉटलंड नावाचं बेट. स्वीडनच्या किनाऱ्यावरून बोटीने निघालं की तीन-साडेतीन तासांत तिथे पोचता येतं. मी स्वतः काही गेलेले नाही. माझी बोट पुस्तकांची आणि नकाशांची. तिला तिकीट लागत नाही.

बोट लागते ती विस्बी गावात. गावाभोवती मध्ययुगातली साडेतीन किलोमीटर लांबीची तटबंदी अजून उभी आहे. बेट सारं चुनखडीचं. किनाऱ्यावर लाटांनी कोरलेले उंच दगडी सुळके दिसतात. पण आपल्याला पाहायचं आहे ते पाणी.

ओंजळभर पाणी जिभेला लावलंत तर फसाल! हे समुद्राचं पाणी, पण खारट म्हणावं तेवढं नाही. मोठ्या महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, गॉटलंडजवळ वरच्या पाण्यात असतं फक्त ७ ग्रॅमच्या आसपास. कारण बाल्टिकमध्ये पुष्कळ नद्या येऊन मिळतात आणि मोठ्या समुद्राकडे जायची वाट आहे ती डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून. त्या वाटेने थोडंसं खारं पाणी आत येतं आणि जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं. पेल्यात आधी कोकमाचं आगळ घाला आणि वरून चमच्याने हळूच पाणी सोडा. आगळ खाली, पाणी वर. ढवळायला कोणी नाही. बाल्टिकचं अगदी तसंच.

आणि इथेच घोटाळा होतो. वरच्या पाण्याला वाऱ्यातून ऑक्सिजन मिळतो, पण तो खाली पोचतच नाही. योग्य दिशेने जोराची वादळं झाली की पश्चिमेकडून ताज्या खाऱ्या पाण्याचा मोठा लोंढा आत शिरतो, तेव्हाच तळाला श्वास मिळतो. १९९३, २००३, २०१४ साली असे मोठे लोंढे आले. आता आकडे पाहा, म्हणजे दोन लोंढ्यांमध्ये केवढी वाट पाहावी लागते ते कळेल.

त्यात माणसांनी भर घातली. शेतातली खतं आणि शहरांचं सांडपाणी समुद्रात गेलं. त्यावर शेवाळासारख्या सूक्ष्म वनस्पती माजल्या. त्या मेल्या, तळाशी गेल्या, कुजल्या आणि कुजताना होता नव्हता तो ऑक्सिजन संपवून बसल्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सिजन कमी असलेला तळ सुमारे ५,००० चौरस किलोमीटर होता, तो अलीकडे ६०,००० च्या वर गेला. महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा!

या समुद्रात कॉड नावाचा मासा राहतो. त्याची अंडी तरंगायला खारं पाणी हवं, म्हणजे ती तरंगणार खोलवर, आणि खोलवर ऑक्सिजन नाही. बिचाऱ्याने जावं कुठे?

हे सगळं कॉडच्या कानात नोंदलं जातं, बरं का! खडा बनतो खडू-शिंपल्याच्याच पदार्थाचा, कॅल्शियम कार्बोनेटचा. मासा जिवंत आहे तोवर त्यावर थरावर थर चढतात. उन्हाळ्याचा थर वेगळा दिसतो, हिवाळ्याचा वेगळा. जर्मनीत कील इथे राइबिश या संशोधकाने १८९९ साली अशी वलयं मोजून माशांचं वय काढलं. पुढे १९७१ साली पानेल्ला यांनी दाखवलं, की काही खड्यांत रोजचा एकेक थर असतो. हाडातला चुना शरीर गरज पडली की परत काढून घेतं. खड्यातला घेत नाही. एकदा लिहिलं ते कायमचं.

आता शाई कोणती? त्यातली एक मँगनीज. तळाच्या चिखलात मँगनीज एरवी गंजासारखं घट्ट बसलेलं असतं. ऑक्सिजन संपला की ते विरघळून पाण्यात येतं, पाण्यातून माशात जातं आणि त्या दिवसांच्या थरात अडकतं. दुसरी शाई स्ट्रॉन्शियम, तिच्यावरून मासा किती खाऱ्या पाण्यात वावरला याचा अंदाज येतो. खड्याचा पातळ काप घासून गुळगुळीत करतात. मग लेसरचा बारीक किरण मध्यापासून कडेपर्यंत फिरवतात. उडालेली धूळ एका यंत्रात जाते आणि कोणतं मूलद्रव्य किती, ते यंत्र सांगतं. मध्य म्हणजे माशाचा जन्म, कड म्हणजे त्याचा शेवटचा दिवस!

गॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ आयविदे ही जागा आहे. समोर समुद्रात कार्लसो नावाची दोन बेटं. हजारो वर्षांपूर्वी, अश्मयुगात, इथे सील आणि मासे मारणारे लोक राहत. त्यांच्या जेवणाचा उकिरडा मातीत राहिला आणि त्यात कॉडच्या कानातले खडेही राहिले, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे! कॅरिन लिम्बर्ग या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी असे खडे विसाव्या शतकातल्या खड्यांशेजारी ठेवून तपासले आणि २०११ साली आपलं काम प्रसिद्ध केलं. कोणाच्या तरी आजीने ताटाबाहेर टाकलेला खडा, आणि त्यातली शाई अजून वाचता येते! मला तर लेसरपेक्षा त्या उकिरड्याचंच नवल जास्त वाटतं.

२०१९ साली लिम्बर्ग आणि त्यांचे स्वीडनमधले सहकारी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या कॉडच्या खड्यात ऑक्सिजन कमी असल्याची खूण जास्त, तो मासा अधिक रोडका. त्याच वर्षी युरोपीय संघाने पूर्व बाल्टिकमधली कॉडची मासेमारी बंद केली. ज्यांची घरं कॉडवर चालत होती, त्यांच्यावर काय वेळ आली असेल ते कोळीवाड्यातल्या मुलांना मी सांगायला नको.

आणि एक गंमत. या कॉडच्या खड्यातली वलयं इतकी पुसट असतात, की दोन तज्ज्ञ एकाच माशाची दोन वेगळी वयं सांगतात. मग तिथेही ही शाईच कामी येते. काही मूलद्रव्यं ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतात, ती पाहून वर्षं मोजता येतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही पावसाळ्याच्या अखेरीस खालच्या पाण्यातला ऑक्सिजन घटतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक त्याची मोजमापं घेतात. हे ऐकल्यावर त्या मुलीने लगेच विचारलं, "मग बाई, आमच्या ढोम्याच्या खड्यात पण लिहिलेलं असेल?"

असेल की! पण लेसर आपल्याकडे नाही. तरी भिंगातून पाहायला काय हरकत आहे? आम्ही पाहिलं. वलयं काही नीट दिसली नाहीत. दिसलं ते एवढंच, की दोन्ही खडे शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याची आरशातली छबी वाटतो. एक डाव्या कानातला, एक उजव्या. काड्यापेटी वर्गाच्या कपाटात आहे. तिच्यावर मुलीने तारीख आणि मासा कुठल्या बाजारातून आणला ते लिहून ठेवलंय.