आईचे शिवणयंत्र विमानात

विमानाने प्रवास करावयाचा म्हटले की मनुष्य सामान कमी करतो. गेल्या जानेवारीत आम्ही उभयता हैदराबादला लेकीकडे निघालो, तेव्हा मात्र माझ्या वाट्याच्या पंधरा किलोंत माझा एकही कपडा नव्हता. त्यात होते माझ्या दिवंगत आईचे काळे, बिडाचे शिवणयंत्र. माझे कपडे सौभाग्यवतींच्या बॅगेत आश्रयाला गेले होते.

आयुष्य बँकेत गेल्याने प्रथम हिशेब मांडला. घसारा धरला तर यंत्राचे पुस्तकी मूल्य केव्हाच शून्य झाले होते, आणि हैदराबादेत नवे यंत्र सहज मिळते. लेकीला फोनवर तसे सांगितले. ती म्हणाली, "पप्पा, मला मशीन नको आहे, आजीचे मशीन हवे आहे. आणि मी ते दिवाणखान्यात मांडून ठेवणार नाही, चालवणार आहे." पुढे बोलण्यास जागा उरली नाही.

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडावे म्हणून बांधणीचा तपशील देतो. लोखंडी स्टँड घरीच ठेवले. त्या मापाचे स्टँड आजही बाजारात मिळते. नुसत्या यंत्राचे वजन बारा किलोंच्या आसपास भरले. केबिनमध्ये सात किलोंचीच मुभा असल्याने ते चेक-इन सामानातच देणे भाग होते. बीड जड असले तरी ठिसूळ असते. आपटले तर वाकत नाही, तडकते. म्हणून बाहेर आलेले चाक काढून वेगळे गुंडाळले. सुई आणि बॉबिन काढून डबीत ठेवली. कात्रीही त्याच पेटीत घातली, कारण ती हातातल्या पिशवीत चालत नाही. जुने तेल पुसून कोरडे केले. तेलाची कुपी मात्र घरीच ठेवली. चारी बाजूंनी फोम आणि वर आईची जुनी सुती साडी. काट्यावर पेटी साडेचौदा किलो भरली.

पुसताना पट्टीवर कोरलेला यंत्राचा क्रमांक दिसला. तो मला लहानपणापासून पाठ आहे. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्याच वर्षी, म्हणजे १९६७ साली, आईने नगरच्या बाजारातून हे यंत्र दरमहा पंधरा रुपये हप्त्याने घेतले. दुकानदाराने जामीन मागितला नाही. वहीत नाव आणि यंत्राचा क्रमांक लिहिला, एवढेच. दर महिन्याला हप्ता पोचवण्याचे काम माझे असे, आणि तो क्रमांक मला दुकानात सांगावा लागे. त्या यंत्रावर परकर-पोलकी शिवून आईने आम्हा तिघा भावंडांना शिकवले. माझी एम.कॉम.ची पदवी म्हणजे त्याच टाक्यांची बेरीज.

शिवणयंत्र आणि हप्ता यांचे नाते तसे जुनेच. अमेरिकेत आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु ते सामान्यांच्या घरी पोचले ते त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास सुरू केलेल्या हप्तेबंदीमुळे. यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली या एका यंत्राला अपवाद मानले होते.

पहाटे नगरहून निघालो. शिर्डी विमानतळ आहे कोपरगाव तालुक्यातील काकडी गावी. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि आपल्या जिल्ह्याला आकाशाची वाट मिळाली. विळद घाट उतरून राहुरी मागे टाकली, कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे गाडी थांबत थांबत चालली होती. एका ट्रॉलीवर मोळ्यांच्या वर एक बाई लेकराला पदराखाली घेऊन बसली होती. तिच्याकडे पाहताना मला १९८६ साल आठवले.

तेव्हा मी पाथर्डी तालुक्यातील एका शाखेत होतो. शिवणयंत्रासाठी कर्ज मागायला एक बाई आली. शिवणकाम तिला येत होते. गावात शिंपीही नव्हता. जामीनदार मात्र तिच्याकडे नव्हता. सावधगिरी म्हणून जामीनदार मागण्याची माझी सवय होती. मी अर्ज परत केला. त्या रविवारी घरी जेवताना, आपण किती काटेकोर काम करतो हे सांगण्याच्या भरात मी ही हकीकत सांगितली. आई वाढता वाढता थांबली. एवढेच म्हणाली, "माझा जामीन कोण होता रे?"

सोमवारी मी शिपायाला त्या गावी पाठवले. घराला कुलूप होते. नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला निघून गेली होती. पुढे माझी बदली झाली. त्यानंतर शिवणयंत्राचा एकही अर्ज मी जामिनासाठी अडवला नाही. पण त्यामुळे त्या बाईचा हिशेब मिटत नाही.

विमानतळावर क्ष-किरण तपासणीत पेटी अडली. पडद्यावर तो काळा ठोकळा पाहून त्यांनी ती उघडण्यास सांगितले. साडी बाजूला करताच तपासणारा तरुण हसला, म्हणाला, "काका, आमच्या आजीकडे अगदी असेच होते." पेटी त्याने स्वतःच्या हाताने नीट बांधून दिली.

हैदराबादेत पेटी उघडली. कुठे तडा नव्हता. लेकीने स्टँड आधीच आणून ठेवले होते. चाक बसवले, तेलाचे दोन थेंब सोडले, सुई ओवली. पहिली शिवण थोडी वाकडी गेली. पण तो लहानपणचा आवाज पुन्हा घर भरून आला.

आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या उधारीच्या वह्या लिहिल्या गेल्या. गेलेली रक्कम वहीत लाल शाईने दिसते. नाकारलेल्या माणसाचे काय झाले, हे मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही. आईच्या यंत्राचा क्रमांक मला आजही तोंडपाठ आहे. पाथर्डीच्या त्या बाईचे नाव मात्र, कितीही आठवले तरी, आठवत नाही.