भिवंडीतील पांढरी रेघ

यंत्रमागांच्या खडखडाटांतून वाट काढीत आम्ही भिवंडीच्या एका भंगार-वखारींत शिरलों. तेथें एक तरुण मिग-२१ विमानाची निळसर-हिरवी यंत्रफळी उजळीत होता. १९६३ ते २०२५ हीं विमानें आपल्या वायुदलांत होतीं. पुष्कळशीं नाशिकजवळ ओझरला बांधलेलीं. रशियन अक्षरें जुळवून त्यानें वेगमापक, उंचीमापक ओळखले होते. मात्र मधली उभी पांढरी रेघ डाग समजून तो खरवडूं लागला. “थांबा!” वायुदलांतून निवृत्त झालेला आमचा जुना विद्यार्थी सोबत होता, तो ओरडला. विमान भोवऱ्यासारखें गरगरत कोसळूं लागलें, कीं वैमानिकानें सुकाणूचा दांडा त्या रेघेच्या रोखानें पुढें ढकलावयाचा. ती प्राण वांचविणारी खूण! पोथींतील न कळलेलें अक्षर खोडूं नये, असें त्याला आम्हीच शिकविलें होतें. आज त्यानें तें आम्हांस शिकविलें.